वेग कुणाच्या जिवावर?

केदारखेड्यात संगणक दुरुस्त करणाऱ्याला लोक दोनच गोष्टी विचारतात. मशीन चालू होईल का, आणि झालं तर फास्ट चालेल का. पहिल्याचं उत्तर डबा उघडला की देता येतं. दुसऱ्या प्रश्नापाशी मी अलीकडे अडखळतो. जुन्या डेस्कटॉपचा वेग वाढवण्याची विद्या मला येते, ती मी हौसेनं शिकलो आणि तिच्यावर माझा जीव आहे. म्हणून तिची झाडाझडतीही मलाच घ्यावी लागेल. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, मी कोणता आकडा बदलला हे तपासायला या गावात कुणी येणार नाही. जिथं बघणारं कुणी नाही तिथं आपलं मन कसं वागतं, एवढंच मला इथं धुंडाळायचं आहे.

जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्णेच्या काठी आमचं गाव. भोवती कापूस, मका, सोयाबीन. कोऱ्या खोक्यातला नवा संगणक इथं क्वचित येतो. येतात ते शहरातल्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले डबे. डेल, एचपी, लेनोव्होचे, नाहीतर कुणीतरी जुळवलेले जी३१, जी४१ बोर्डाचे. बँकेत किंवा कंपनीत त्यांची नोकरी संपलेली असते. इथं ती पुन्हा सुरू होते, आणि ही दुसरी नोकरी पहिलीपेक्षा कष्टाची असते. याच डब्यांवर सातबारा निघतो, पीकविम्याचा अर्ज भरला जातो, दाखल्यांसाठीची कागदपत्रं अपलोड होतात, पोरं एमएस-सीआयटीचा सराव करतात. २०१७ मध्ये कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचं ठरलं तेव्हा, आणि २०२३च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला तेव्हा, गावोगावच्या सेवा केंद्रांतल्या अशाच यंत्रांवर सगळा भार पडला. साईट चालेना, अंगठा लागेना, रांग हलेना. अशा वेळी रांगेतले एखादे म्हातारे बाबा म्हणतात, "भाऊ, तुझं मशीन जरा जोरात नाही का पळत?" ते ऐकलं की ज्याला ओव्हरक्लॉकिंग येतं त्याचे हात शिवशिवतात.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. बोर्डाकडून मिळणारा मूळ ठोका गुणिले प्रोसेसरचा गुणक, म्हणजे त्याचा वेग. जुळवलेल्या डब्यांत सापडणारा इंटेलचा ई५२०० घ्या. मूळ ठोका २०० मेगाहर्ट्झ, गुणक साडेबारा, वेग २.५ गिगाहर्ट्झ. बायोसमध्ये जाऊन २००च्या जागी २४० लिहिलं की तोच प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झला पळतो. मोठ्या कंपन्यांच्या तयार डब्यांत ही सोय बहुधा बंद असते, सुट्या विकल्या जाणाऱ्या बोर्डांत ती पुष्कळदा असते. खर्च एक पैसा नाही. बदल सेव्ह केला, मशीन पुन्हा सुरू झालं, की कंपनीनं छापलेल्या आकड्यापेक्षा मोठा आकडा पडद्यावर येतो. त्या क्षणी होणारा आनंद खरा आहे, तो मी नाकारणार नाही.

या विद्येचा जन्मही कमीपणाचा नाही. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. विकला जायचा ३०० मेगाहर्ट्झ म्हणून, पण मूळ ठोका ६६ वरून १०० केला की बहुतेक चिपा ४५०ला चालत, आणि कितीतरी कामांत महागड्या पेंटियम टूच्या बरोबरीला येत. ज्याच्या खिशात त्या पेंटियमचे पैसे नव्हते त्या विद्यार्थ्यानं स्वस्त चिपेकडून तेच काम करून घेतलं. महाग वस्तू ज्यांना परवडत नाही त्यांनी हातातल्या वस्तूची पुरती ओळख करून घ्यायची, यात मला आजही मोठेपणा दिसतो. शिवाय जुना डबा आणखी पाच वर्षं चालला तर तो भंगारात जात नाही. केवळ नवा माल खपावा म्हणून चांगली यंत्रं टाकून द्यायला लावणाऱ्यांच्या बाजूनं मी कधीच उभा राहणार नाही.

पण त्याच काळात बाजारात दुसराही उद्योग चालला होता. व्यापारी कमी वेगाच्या चिपेवरचा आकडा पुसून जास्त वेगाचा छापत आणि तीच चिप चढ्या भावानं विकत. इंटेलनं गुणकाला कुलूप घातलं त्यामागं या फसवणुकीचंही कारण होतं. आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. चिप तीच, वाढवलेला वेग तोच. एका घरी पोरगा स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या जबाबदारीवर तो वाढवतो. दुसरीकडं दुकानदार गिऱ्हाइकाला न सांगता वाढवून विकतो. तंत्रात तसूभर फरक नाही. ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याला ते ठाऊक आहे की नाही, फरक तेवढाच.

मी माझ्या मनाला पहिल्यांदा इथं गाठलं. गिऱ्हाईक म्हणालं "फास्ट करून द्या", ही त्याची संमती झाली का? त्याला वेग हवा आहे हे खरं. वेगाच्या बदल्यात काय जातं हे त्याला माहीत नाही. सौद्याची निम्मी बाजू झाकून मिळवलेला होकार मी होकार मानू लागलो, तर आकडा पुसून चिप विकणाऱ्यात आणि माझ्यात नेमकं किती अंतर उरतं? मी जास्त पैसे घेत नाही, माझा हेतू चांगला आहे, असं मन लगेच सांगू लागतं. मी त्याला सांगतो की हेतूचं पुढं बघू, आधी समोरच्याला सांगितलंस का ते बोल.

झाकलेली बाजू उन्हाळ्यात उघडी पडते. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १० टक्के चढवलं, तर वीज आणि उष्णता जवळपास ४५ टक्क्यांनी वाढते. एसीच्या खोलीत हे खपून जातं. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, डोक्यावर पत्रे, आणि डबा टेबलाखाली भिंतीला टेकवलेला. झाकण काढलं की हीटसिंकच्या पात्यांवर काळ्या मातीच्या धुळीची आणि कापसाच्या तंतूंची गादी बसलेली दिसते. वरचा पंखा जोरात फिरत असतो, पण वारा पात्यांपर्यंत पोचतच नाही. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून तिचा भुगा झालेला. बोर्डावरच्या एखाद्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. तापमान दहा अंशांनी वाढलं की या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा हिशेब आमच्या कामात धरतात. म्हणजे आज मी दिलेल्या वेगाची किंमत पुढच्या एखाद्या मे महिन्यात कुणीतरी बोर्ड बदलून चुकवणार. तेव्हा तो माणूस माझ्याकडंच येणार, आणि बोर्ड बदलण्याचे पैसे मीच घेणार. हे कुणी ठरवून करत नाही. तरी ते घडतं, आणि ते घडतं हे मला आधीपासून कळतं.

बोर्ड गेला तर निदान दिसतो. मला जास्त भीती वाटते न दिसणाऱ्या चुकीची. वेग मर्यादेच्या थोडा पलीकडं गेला की मशीन दर वेळी हँग होतंच असं नाही. पुष्कळदा ते चालत राहतं आणि मध्येच एखादं गणित चुकवतं. ते पकडण्यासाठी प्राइम९५ नावाचा प्रोग्राम लावतात. तो मुळात मर्सेन प्रकारच्या प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिला गेला. त्याचा हिशेब प्रोसेसरला घाम फोडणारा असतो आणि तो स्वतःच्या उत्तराची पडताळणी स्वतःच करतो, म्हणून मशीनचा दम तपासायला जगभर त्याचा वापर होऊ लागला. चाचणी लावून बसलं की बराच वेळ सगळं सुरळीत चालतं. मग एका खिडकीत ओळ उमटते की राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. त्या खिडकीतलं काम थांबतं. आणि बाकीच्या पडद्यावर काय होतं? काहीच नाही. माउस फिरत राहतो, गाणं वाजत राहतं, दुसऱ्या कोअरची चाचणी पुढं चालू असते. प्राइम९५ लावलेलं नसतं तर त्या प्रोसेसरनं आत्ता खोटं उत्तर दिलं हे खोलीतल्या कुणालाही कळलं नसतं. असं मशीन वापरात राहिलं की एखादी पीडीएफ उघडत नाही, एखादी फाईल अर्धवट सेव्ह होते, विंडोज विनाकारण निळा पडदा दाखवतं, आणि आम्ही खुशाल म्हणतो, व्हायरस असेल. अर्जातला गट नंबरच बदलून जाईल, इतकं भय मी दाखवणार नाही. तशी शक्यता फार थोडी. पण भरलेला अर्ज सबमिट होण्याआधी मशीन बंद पडणं, स्कॅन केलेला दाखला बिघडणं, ही शक्यता खरी आहे, आणि शेवटच्या तारखेला तिची किंमत एका हंगामाएवढी असू शकते.

चुकीच्या उत्तराची गोष्ट निघाली की मला पेंटियम आठवतो. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांना पेंटियमचे जनक म्हणतात आणि आपल्याकडं त्याचा सार्थ अभिमान आहे. १९९३ मध्ये ही चिप आली. तिच्या भागाकाराच्या तक्त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ला ३१४५७२७ नं भागलं की १.३३३८२ यायला हवं, ती १.३३३७४ सांगे. बाकी सगळं बिनबोभाट. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या अमेरिकी गणिताच्या प्राध्यापकांनी मूळ संख्यांवर काम करताना ही चूक पकडली आणि जाहीर केली. इंटेलला ती त्याआधीच कळलेली होती. कंपनीची पहिली भूमिका अशी होती की सामान्य वापरणाऱ्याला या चुकीशी गाठ पडणारच नाही, आणि ज्याला अचूक गणिताची गरज आहे असं दिसेल त्यालाच चिप बदलून मिळेल. लोक भडकले. डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलला मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल करावं लागलं आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला.

लोकांचा राग चुकीवर होताच, पण त्याहून जास्त होता तो दुसऱ्याच गोष्टीवर. मला बरोबर उत्तराची गरज आहे की नाही, हे तुम्ही कोण ठरवणार? ही हकिगत मी शिकायला येणाऱ्या पोरांना रंगवून सांगतो. सांगताना कंपनीच्या त्या ताठ्यावर बोट ठेवतो. पण आमच्या धंद्यात रोज ऐकू येणारं वाक्य कोणतं? "फॉर्मच तर भरायचा आहे, कुठं रॉकेट सोडायचंय." या वाक्यात आणि इंटेलच्या त्या भूमिकेत मला काडीचा फरक दिसत नाही. समोरच्याला किती खात्रीचं मशीन पुरेसं आहे हे मीच ठरवून टाकायचं. त्याचं काम लहान आहे असं गृहीत धरायचं. ज्याच्या घरात वर्षातून एकदा विम्याचे पैसे येणार, त्याच्यासाठी तो फॉर्म रॉकेटपेक्षा मोठा असतो.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत जड जातो. हे सगळं मी कुणासाठी करतो? फॉर्म भरताना वेळ कुठं जातो हे टास्क मॅनेजर उघडून शांतपणे बघावं. प्रोसेसर बहुतेक वेळ निवांत बसलेला असतो आणि डिस्क शंभर टक्क्यांवर कण्हत असते. जुनी फिरणारी हार्ड डिस्क, अपुरी रॅम, आणि त्याच्याही पलीकडं कुठंतरी दूर दमलेला सर्व्हर. ब्लोअर मारून धूळ काढली, पेस्ट बदलली, रॅमच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासल्या, एक एसएसडी बसवली, तर हे जुनं मशीन ओळखू येणार नाही इतकं बदलतं. २.५चे ३ गिगाहर्ट्झ केल्यानं रांगेतल्या माणसाचा एक मिनिटही वाचत नाही. हे मला पुरतं ठाऊक आहे. मग तो २४०चा आकडा कुणासाठी? तो माझ्यासाठी आहे. मला जमतं हे मलाच दाखवण्यासाठी आहे.

हौसेला मी गुन्हा म्हणत नाही. हौस नसती तर गावात राहून हे काम कुणी शिकलंच नसतं. पण हौसेला सेवेचं नाव दिलं की तिला आवर घालणारं कुणी उरत नाही, आणि आपण दुसऱ्याच्या वस्तूवर स्वतःची हौस भागवतो आहोत हे दिसेनासं होतं. माझं स्वतःचं मशीन आहे. त्यावर मी वाटेल तेवढा ठोका वाढवीन, जळलं तर माझं जळेल. रांगेतल्या माणसाचे कागद ज्या मशीनमधून जातात, ते मी विकत घेतलेलं असलं तरी त्या अर्थानं एकट्या माझं नाही.

वेग वाढवताना जे हात इतके उतावळे असतात तेच फर्मवेअर, म्हणजे बायोस, अपडेट करायची वेळ आली की मागं सरतात. मनाची खरी ओळख मला इथं पटली. वेग सगळ्यांना दिसतो. बायोस नीट अपडेट झाली तर कुणालाच काही दिसत नाही, कालच्यासारखंच मशीन सुरू होतं. फसली तर मात्र सगळं गाव बघतं. शाबासकी नाही आणि धोका पूर्ण, असं हे काम.

धोका खोटा नाही. पूर्वी बायोस ज्या चिपेत असे ती पुसायला तिच्या काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडावे लागत. फ्लॅश मेमरी आली आणि ती विजेनं जागच्या जागी पुसता-लिहिता येऊ लागली. इथंही विनोद धाम यांचं नाव येतं. इंटेलच्या पहिल्या फ्लॅश मेमरीचं ईटॉक्स तंत्र शोधणाऱ्यांत ते होते. सोय आली तशी जोखीमही आली. २६ एप्रिल १९९९ला सीआयएच नावाच्या व्हायरसनं जगभरातल्या असंख्य संगणकांच्या बायोसवर कचरा लिहून ती यंत्रं मुकी करून टाकली. आमच्याकडं व्हायरसची गरज नाही, लाईट गेली तरी पुरे. बायोस मारताना पट्टी पुढं सरकत असते, त्या दोन-तीन मिनिटांत वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी बसलेली असली की बोर्ड डेड. पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही.

तो परत उठवता येतो, पण धीर लागतो. बोर्डावर आठ पायांची, नखाएवढी चिप असते. तिच्या एका कोपऱ्यावर बारीक ठिपका असतो, तो पहिला पाय. चिप लिहिणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे प्रोग्रामरच्या, क्लिपची लाल वायर त्या पायावर यायला हवी. बोर्डाची वीज पूर्ण काढलेली हवी. या चिपा बहुधा ३.३ व्होल्टच्या असतात, आणि बाजारात मिळणारे काही स्वस्त प्रोग्रामर त्यांच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतात, हे आधी मीटर लावून बघायचं. मग लगेच लिहायचं नाही. आधी जे आहे ते वाचून घ्यायचं, पुन्हा एकदा वाचायचं, दोन्ही फाईली एकसारख्या आहेत का ते पडताळायचं आणि ती मूळ प्रत जपून ठेवायची, कारण त्या बोर्डाचा क्रमांक आणि नेटवर्कचा पत्ता पुष्कळदा तिच्यातच असतो. एवढं झाल्यावर नवी फाईल लिहायची, तीही त्याच बोर्डाची, त्याच रिव्हिजनची आणि कंपनीकडूनच घेतलेली. कुठून तरी मिळालेली बायोस दुसऱ्याच्या मशीनमध्ये घालणं म्हणजे त्याच्या घराची किल्ली कुणाच्या हातात गेली हे न बघणं. घाईत हे सगळं करावंसं वाटत नाही. माझ्या सचोटीची परीक्षा त्या दुसऱ्या वाचनाच्या वेळी होते.

"चालतंय तर हात लावू नका" हा आमच्यातला जुना नियम. बायोसच्या बाबतीत तो पुष्कळदा बरोबरच असतो. पण जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरमधली दोन मोठी छिद्रं जाहीर झाली आणि त्या नियमामागं लपणं अवघड झालं. उपाय दोन बाजूंनी करायचा होता, एक विंडोज-लिनक्समध्ये आणि दुसरा प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमध्ये, म्हणजे मायक्रोकोडमध्ये. हा मायक्रोकोड बायोसमधून येतो, किंवा मशीन सुरू होताना विंडोज-लिनक्सही तो चढवू शकतात. या उपायांनी जुनी मशीनं मंदावतात, हे मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं होतं. लगेच आमच्यासारख्यांच्या हातात तो उपाय बंद करणारी छोटी साधनं आली. एक बटण दाबा आणि गेलेला वेग परत मिळवा. स्वतःच्या खेळाच्या मशीनवर हवं तर करावं. ज्या मशीनवर कुणाचं आधार, कुणाचं पासबुक, कुणाच्या सहीचा फोटो उघडा पडलेला असतो, तिथं वेगासाठी ते बटण दाबणं मला गैर वाटतं.

आणि त्याच ई५२००चं काय? तो इंटेलच्या वुल्फडेल घराण्यातला. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीनं सांगून टाकलं की या घराण्याला नवा मायक्रोकोड मिळणार नाही. म्हणजे मी त्याला ३ गिगाहर्ट्झवर नेऊ शकतो, पण त्याचं स्पेक्टरचं छिद्र मायक्रोकोडनं बुजवू शकत नाही. गिऱ्हाइकाला यातलं पहिलं सांगून दुसरं न सांगणं, हे माझ्या लेखी अर्धं खोटं आहे. आणखीही एक स्पष्ट बोललं पाहिजे. आमच्या डब्यांना स्पेक्टरपेक्षा कितीतरी जवळचा धोका आहे तो पेनड्राईव्हवरून मारलेल्या चोरट्या विंडोजचा आणि तिला चालू करणाऱ्या क्रॅकचा. अँटिव्हायरस बंद करूनच जे टाकावं लागतं, त्याच्या पोटात काय आहे हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बायोसच्या बारकाव्यांवर तासभर बोलणारे आम्ही यावर गप्प बसतो, कारण इथं बोललं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. अटी चुकवून जुन्या मशीनवर ती बसवता येते, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ई५२००सारख्या कोअर टू काळातल्या चिपांवर तर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या चिपांना येतच नाहीत. अशा मशीनवर लिनक्स उत्तम चालतं, पोरांच्या अभ्यासाला आणि टायपिंगला तर नक्कीच. सेवा केंद्रातलं अंगठ्याचं यंत्र त्यावर चालेलच असं नसतं, तेही आधीच सांगावं लागतं. थोडक्यात, काही डब्यांपुढं हात जोडून म्हणावं लागतं की याच्यावर आता दुसऱ्याचे कागद नकोत. दुरुस्ती करणाऱ्याला हे बोलणं फार जड जातं. माझ्याच्यानं होत नाही असं कबूल केल्यासारखं वाटतं. पण ते बोलायलाच हवं.

वेगाच्या मोहातून चिपा बनवणारेही सुटत नाहीत. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये मायक्रोकोडच जास्त व्होल्टेज मागत होता आणि चिपा आतून झिजत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण झिजलेली चिप त्या अपडेटनं बरी होत नाही, हेही कंपनीला सांगावं लागलं. ज्यांच्याकडं सगळी प्रयोगशाळा आहे त्यांची ही गत, तर मी पत्र्याच्या खोलीत बसून दुसऱ्याच्या मशीनचं व्होल्टेज कशाच्या भरवशावर चढवू?

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. ज्या मशीनवर लोकांचे अर्ज भरले जातात त्याचा ठोका कंपनीनं छापला तोच राहील. कुणी सेकंड हँड डबा आणला आणि त्यात आधीच आकडे वाढवलेले दिसले, तर मालकाला दाखवून ते मूळ जागी आणायचे. बायोस मारायची तर आधी सांगून, मूळ प्रत काढून, यूपीएसची बॅटरी तपासून. आणि डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवायचा. त्यावर तारीख, बायोसची आवृत्ती, काय बदललं, काय बदललं नाही, आणि या मशीनला कोणता सुरक्षेचा उपाय मिळणार नाही. मराठीत, मालकाला वाचता येईल अशा अक्षरात. ओव्हरक्लॉकिंग मी सोडणार नाही. शिकायला येणाऱ्या पोरांना मी ते भंगारातल्या बोर्डावर करून दाखवतो, प्राइम९५ची ती ओळ उमटेपर्यंत वेग चढवायला लावतो आणि ती ओळ वाचायला लावतो.

भोकरदन, जाफराबाद, सिल्लोड, जालन्याकडं हेच काम करणाऱ्या माझ्या भावांनो, असा कागद तुम्हीही चिकटवा. आणि मशीन दुरुस्तीला देणाऱ्या काका-मावशींनो, दादांनो, डबा परत घेताना फास्ट झालं का एवढंच विचारू नका. आत काय बदललं ते विचारा, आणि ते लिहून मागा.